‘आमच्यात कुणाला चढत नाही’

लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर बसणाऱ्या आमच्याकडच्या पुरुषमंडळींचं एक ठरलेलं वाक्य आहे : ‘आमच्या घराण्यात कुणाला चढत नाही.’ मधले काका चार पेग रिचवून मांडववाल्याचा हिशेब पैशापैशापर्यंत चुकता करत. पोरं कौतुकानं बघत. काका लिव्हरनं गेले. माझे वडीलही.

मार्क शुकिट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी व्यसनी बापांच्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. तरुणपणी ज्यांना दारू कमी चढायची, तेच पुढे जास्त प्रमाणात व्यसनात अडकलेले निघाले. आणि कमी चढण्याचा हा गुण काही अंशी वारशानंच येतो. दोन पेगांत गरगरायला लागलं की माणूस आपोआप ग्लास खाली ठेवतो. ज्याचं शरीर ‘बस’ म्हणतच नाही, तो भरत राहतो. मित्रांत वर त्याचा मान!

रक्ताचा वाटा नाकारता येत नाही. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन यांनी दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. तान्हेपणीच जन्मघरापासून दूर गेलेल्या, पण जन्मदाता किंवा जन्मदात्री व्यसनी असलेल्या मुलग्यांपैकी १८ टक्के दारूच्या आहारी गेले होते. इतर दत्तकांत ते प्रमाण ५ टक्के होतं. मात्र याच आकड्यांनुसार पाचातले चार जण सुटलेही. त्यामुळे ‘रक्तातच आहे’ म्हणून हात झटकणाऱ्यांचं मला पटत नाही.

घराचा वाटा वेगळाच. वडील अंथरुणात लोळत असायचे आणि आई मला कारखान्यात पाठवायची, ‘बाबांना ताप आहे म्हणून सांग.’ मुकादम ऐकून घ्यायचा, त्याला सगळं ठाऊक असायचं. घरात त्याबद्दल चकार शब्द नाही. माझा भाऊ याच झाकपाकीत वाढला आणि पुढे त्याच्या बायकोनं त्याच्यासाठी तेच निरोप दिले.

दवाखान्यात ‘वडिलांना शुगर होती’ हे आपण न विचारता सांगतो. आजोबांची दारू मात्र स्थळ बघतानाही लपवतो. ती मुलांना सांगा, अठरा वर्षांची व्हायच्या आत सांगा : तुला चढणार नाही कदाचित, आणि तेच धोक्याचं आहे. ज्यांच्या घरात आजही कुणी पितं, त्यांच्यासाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीनच्या. तिथे फी नाही, नावही विचारत नाहीत. पिणारा येवो न येवो, तुम्ही जा.