फुकटची जमीन कुणाला मिळाली?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या भल्या माणसांना अर्पण केली. का, तर त्यांनी काळ्या गुलामांना मोकळं केलं म्हणून. शाळेत असताना ते पान वाचलं तेव्हा छाती भरून आली होती. आता गोदीत गोण्या वाहून पाठीचं सालटं निघालंय आणि एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय. मोकळा झालेला गुलाम दुसऱ्या दिवशी खाणार काय?

मित्रांनो, जरा हिशोब बघा. १८६२ साली लिंकनच्या सरकारनं होमस्टेड कायदा केला. पश्चिमेकडं जा, पाच वर्षं राहून जमीन कसा, १६० एकर तुमची. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांनाही रुळांच्या दोन्ही अंगांची जमीन बहाल झाली. ही जमीन काय सरकारच्या बापाची होती? तिथं आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना मारून, हुसकून ती ‘मोकळी’ केली.

आणि काळ्यांना काय? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मननं समुद्रकाठची जमीन चाळीस-चाळीस एकर पाडून त्यांना द्यायचा हुकूम काढला. हजारो माणसं तिथं वसली. मग लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि वर्ष संपायच्या आत त्यानं ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करायला लावली. पश्चिमेची जमीन कागदावर काळ्यांनाही खुली होती म्हणतात. पण बैल, नांगर, वाटखर्च कुठून आणायचा? राहिलं काय? जुन्या मालकाचाच कापूस वाट्यानं पिकवायचा, नाहीतर शहर गाठायचं. शहरात गोदी.

ज्याच्याकडं जमीन नाही तो स्वस्तात मिळतो. आणि स्वस्तात मिळणाऱ्या माणसाला मालक दुसऱ्या मजुराच्या अंगावर घालतो.

न्यू ऑर्लिन्स हे कापसाचं मोठं बंदर. १८९२ च्या ऑक्टोबरात तिथल्या तीन युनियननी मिळून संप केला. गाडीवाले बहुतेक काळे. वजन करणारे आणि बांधणी करणारे बहुतेक गोरे. मागण्या साध्या. दहा तासांचा दिवस, जादा कामाला जादा पैसे आणि कामावर घेताना युनियनचा माणूस आधी. मालकांनी डाव टाकला. म्हणाले, गोऱ्यांशी करार करतो, काळ्यांशी करणार नाही. पेपरवाल्यांनी हाकाटी केली की काळ्यांच्या झुंडी गोऱ्यांवर तुटून पडताहेत.

हा डाव आपल्याला नवा नाही. नवं आहे ते उत्तर. गोरे फुटले नाहीत. नोव्हेंबरात सुमारे २५ हजार कामगारांनी काम टाकलं. ट्रामगाड्या थांबल्या, शहर ठप्प झालं. शेवटी दहा तास मिळाले, जादा कामाचे पैसेही मिळाले. युनियनच्या माणसाला आधी काम, ते मात्र मिळालं नाही.

मग १८९३ ची मंदी आली. काम आटलं. मालकांनी स्वस्तातले काळे हात पुढं केले. आणि मार्च १८९५ मध्ये त्याच धक्क्यावर गोऱ्या कामगारांनी काळ्या कामगारांवर गोळ्या झाडल्या. माणसं मेली. मालकाला बोटही हलवावं लागलं नाही.

आमच्या टोळीत आम्ही गोणी एकत्र उचलतो, डबे वेगळे उघडतात. मोर्चात मी कॉम्रेड, खोली भाड्यानं मागायला गेलो की आधी आडनाव. पुढारी सांगतात, आधी वर्ग, जातीचं मागाहून बघू. मी त्यांना १८९५ दाखवतो. मंदी आली की खाली कुणाला ढकलायचं हे जिथं जन्मापासून ठरलेलं असतं, तिथली एकी मंदी येईपर्यंतच टिकते. आपल्यातले काही म्हणतात, सवर्ण मजुराचा हातच नको. त्यांना मी १८९२ दाखवतो. एकदा घडलंय ते.

एकी पाहिजेच. पण मागणीपत्राच्या पहिल्या ओळीत सगळ्यात खालच्या माणसाचा हक्क पाहिजे, शेवटी ‘इतर बाबी’त नको.

जोतीरावांचं ते पान मी आजही मानतो. पण बेडी तोडली म्हणजे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे पायाखाली जमीन. अमेरिकेनं ती गोऱ्यांना फुकट वाटली आणि काळ्यांना दिलेली काढून घेतली. आपली कुठं आहे, ते आपण विचारायचं. मोठ्यानं.