उष्णतेची ठेव

एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेने तेच एक किलो पाणी सुमारे ८० अंशांनी तापले असते. तरीही वितळणाऱ्या बर्फाचे तापमान शून्यावरच राहते. अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी हा अप्रकट उष्मा ओळखला.

गेल्या महिन्यात माझा पुतण्या याच तत्त्वावरील उद्योगाचा प्रस्ताव घेऊन आला. भिंतीच्या गिलाव्यात मिसळायचे मेणाचे अतिसूक्ष्म कण! "काका, दिवसा उष्णता जमा, रात्री परत," तो म्हणाला. भांडवलासाठी वडिलोपार्जित गाळा तारण ठेवण्याचा त्याचा विचार होता.

कृती त्याने नीट सांगितली. ऑक्टाडेकेन हे मेण सुमारे २८ अंशांना वितळते. ते स्टायरिनसह साबणासारखे द्रव्य असलेल्या पाण्यात घालून श्राव्यातीत ध्वनीने त्याचे सूक्ष्म थेंब करतात. मग प्रक्रिया सुरू करणारे रसायन घालून ऊब दिली, की मेणाभोवती पॉलिस्टायरिनचे कवच धरते. मेण आत वितळले तरी बाहेर ओघळत नाही.

आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेल्या मला तीन प्रश्न पडले. पहिला, कवचाचा वाटा किती? कणाचा व्यास २०० नॅनोमीटर आणि कवच २० नॅनोमीटर जाड असेल, तर जवळजवळ निम्मे आकारमान कवचच व्यापते; आणि कवच उष्णतेची अशी ठेव स्वीकारत नाही. कण जितका लहान, तितका हा खर्च मोठा. दुसरा, ठेव वेळेवर परत मिळेल का? अतिसूक्ष्म थेंब पुष्कळदा २८ अंशांखाली जाऊनही गोठत नाहीत. रात्र तेवढी थंड झाली नाही, तर उष्णता आतच अडकून राहते आणि दुसऱ्या दिवशी नवी ठेव घ्यायला जागा उरत नाही. तिसरा, कवच टिकेल किती? रोज एकदा वितळणे-गोठणे धरले, तरी वर्षाला ३६५ फेरे होतात.

पुतण्याने केवळ दहा फेरे तपासले होते. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "काका, आधी हजार फेरे करून पाहतो."

वाचकहो, नव्या उद्योगाला नकार देणे सोपे असते आणि भारावून होकार देणे त्याहून सोपे. योग्य प्रश्न विचारणे, हेच घरातील वडीलधाऱ्यांचे खरे भांडवल होय. गाळ्याचे कागद तूर्त कपाटातच आहेत. प्रयोगाचा खर्च मात्र मी माझ्या निवृत्तिवेतनातून देऊ केला आहे.