देवराष्ट्र्याचं घर आणि आपली ऊसतोडीची मुलं

१२ मार्चला आपण सगळ्याच शाळांत यशवंतराव चव्हाणांची जयंती करतो. भाषणं ठरलेली असतात. गरिबीत जन्मले, जिद्दीने शिकले, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. यंदा मी मुलांना विचारलं, त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे कुठे आहे? कुणालाच सांगता येईना. सांगली जिल्हा, कडेगाव तालुका म्हटल्यावर मागून एक पोरगा बोलला, "सर, कडेगावला तर माझे आई-बाबा हायेत, फडावर."

हा मुलगा इथे आजीजवळ राहतो. ज्यांच्या घरी आजी नाही ती मुलं आई-बापाबरोबर कोपीवर गेलेली. म्हणजे आपण इथे अर्ध्या रिकाम्या वर्गात भाषणं करतो आणि आपलीच काही मुलं त्या घरापासून थोड्या अंतरावर वाढं गोळा करत असतात!

देवराष्ट्र्याचं ते घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. पण ते चव्हाणांचा वाडा नव्हे, ते त्यांचं आजोळ. आई विठाईचं माहेर. वडील लवकर गेले. पोराला आधार मिळाला तो आजोळचा, आईचा, थोरल्या भावांचा आणि कराडच्या शाळेचा. भाषणात हे येतच नाही. नुसती जिद्द सांगितली की मुलाला वाटतं, आपण मागे पडलो म्हणजे आपल्यातच खोट. मला हे चुकीचं वाटतं. आधाराशिवाय कुणी शिकत नाही, हे यशवंतरावांना पक्कं ठाऊक असावं. म्हणून तर १२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी त्यांच्या सरकारने माफ केली. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ निघालं तेही त्यांच्याच काळात. आपल्या भागातली किती घरं त्यामुळे पहिल्यांदा पदवीधर झाली!

सहलीचे पैसे भरू शकणाऱ्या मुलांनी ते घर बघावंच. पण आधी ते कोपीवरच्या मुलांनी बघायला हवं. मुकादम खाडा धरील, ही अडचण आहेच. तरी दसऱ्याआधी, गाड्या भरायच्या आत, मी पालकसभेत देवराष्ट्र्याचा रस्ता फळ्यावर काढून दाखवणार आहे. टोळी त्या बाजूला लागली तर कारखाना बंद असेल त्या दिवशी पोरांना घेऊन जा. आणि परत आल्यावर निबंध त्यांनी लिहायचा, बाकीच्या वर्गाने ऐकायचा.