"आता तरी शायनी निघेल!"

साताऱ्या-सांगलीच्या वस्त्यांत मुलं मोबाइल समोर धरून 'पोकेमॉन गो' खेळताना दिसली की मोठी माणसं विचारतात, "हे प्राणी पकडून पोटाला काय मिळतं?" पण मुलाला नक्की काय हवंय, हे आपण कधी विचारतो का?

बऱ्याच मुलांना हवा असतो शायनी. म्हणजे नेहमीचाच प्राणी, पण वेगळ्या रंगाचा. ताकद तेवढीच. नकाशावर तो ओळखू येत नाही, प्रत्येकावर बोट टेकवून बघावं लागतं. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या खेळांत तो निघण्याची शक्यता ८१९२ त एक होती, २०१३ पासून पुढच्या खेळांत ४०९६ त एक झाली. 'पोकेमॉन गो'मध्ये एरवी ती साधारण ५०० त एक असावी, असा हिशेब खेळाडूंनीच मोजून काढला आहे.

खेळाला आमचा विरोध नाही. त्यानिमित्ताने पोरं चालतात तरी! काळजी आहे ती एका वाक्याची: "साडेचारशे बघून झाले, आता तरी निघेल." मटक्याच्या आकड्याबद्दल हेच बोलणं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. आधीचे किती वाया गेले हे खेळाला आठवत नसतं. ५०१ व्या प्राण्यालाही शक्यता ५०० त एकच. १०० मुलांनी प्रत्येकी ५०० प्राणी तपासले, तर त्यांतल्या साधारण ३७ जणांच्या हाती एकही शायनी लागणार नाही. आठवी-नववीच्या मुलाला हे गणित कळतं. विहारातल्या अभ्यासिकेत कुणी ताईने-दादाने ते फळ्यावर मांडलं, तर आमच्या मते घरच्या दहा शिव्यांपेक्षा जास्त उपयोग होईल.

कारण "अजून एकच" म्हणता म्हणता आधी झोप जाते. मग पोवई नाक्यावर किंवा आयर्विन पुलावर नजर रस्त्याऐवजी स्क्रीनवर राहते. पुढे पैसे येतात: खेळात पास विकत मिळतात, पण पैसे मोजूनही शायनीची खात्री नसते.

म्हणून मर्यादा खेळ सुरू होण्याआधीच ठरवावी. किती वेळ, कुठे, आणि खर्च शून्य. मुलाच्या तोंडूनच ती वदवून घ्यावी. घरात मोबाइल एकच असेल तर रात्री तो आईच्या उशाशी राहू द्या.

रोज खेळणं म्हणजे आजार नव्हे. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार म्हटलं आहे. पण वर्षभर वाट बघत बसू नका. शाळा, जेवण, झोप बिघडायला लागली की सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.