नोंदीचा भूगोल

एनसीआरबीचा अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वार्षिक अहवाल आला की आपल्याकडच्या वृत्तपत्रांचा मथळा ठरलेला असतो : आत्महत्यांत महाराष्ट्र पहिला. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या. २०२३ मध्येही पहिला क्रमांक आपलाच राहिला. मथळा खोटा नाही, निरुपयोगी आहे. मोठ्या राज्याचा आकडा मोठाच असणार. लाख लोकसंख्येमागे दर काढला तर महाराष्ट्र १८.१ वर येतो. देशाच्या १२.४ पेक्षा तो बराच वर आहे, पण केरळ (२८.५) आणि छत्तीसगड (२८.२) त्याच्याही पुष्कळ वर आहेत आणि सिक्कीम तर ४३.१ वर. एवढी दुरुस्ती आपल्या क्षेत्रातले सगळेच करतात. परिषदांमधल्या भाषणांत हाच दरांचा रंगीत नकाशा पडद्यावर येतो आणि मग साक्षरता, विभक्त कुटुंबे, दारू, कर्ज अशी कारणमीमांसा सुरू होते. आमचा आक्षेप या घाईला आहे. हा नकाशा आत्महत्यांचा म्हणून वाचण्याआधी नोंद करणाऱ्या यंत्रणेचा म्हणून वाचला पाहिजे, कारण त्या यंत्रणेत अपघात विभागातले आणि शवविच्छेदन करणारे आपण डॉक्टरही आहोत.

नकाशावरचा सर्वांत फिकट भाग घेऊ. बिहारची लोकसंख्या महाराष्ट्राइतकीच, साडेबारा कोटींच्या आसपास. २०२२ मध्ये तिथे नोंदलेल्या आत्महत्या ७०२, दर ०.६. म्हणजे जवळपास सारख्याच लोकसंख्येत बत्तीस पटींचा फरक. त्याच वर्षीच्या, त्याच एनसीआरबीच्या गुन्ह्यांच्या अहवालात बिहारातले हुंडाबळी आहेत १,०५७. लग्नाला सात वर्षे न झालेल्या विवाहितांचे हे मृत्यू एका कलमाखाली नोंदले गेले, आणि ते राज्यातल्या सर्व वयांच्या, सर्व स्त्री-पुरुषांच्या आत्महत्यांपेक्षा दीडपट भरले. हुंडाबळीच्या कलमात खूनही बसतो आणि आत्महत्याही, त्यामुळे या १,०५७ मधल्या आत्महत्या किती हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. पण दोन तक्ते शेजारी ठेवले की ०.६ या दरावर विश्वास ठेवणे अवघड होते. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळण्यात बिहार तळाच्या राज्यांत मोडतो. देशभराचे प्रमाणही २०२० मध्ये २२.५ टक्केच होते, गोव्यात मात्र शंभर. जिथे मृत्यूचीच नोंद धड होत नाही, तिथे त्याचे कारण नोंदले जाईल कसे?

एखादा मृत्यू या तक्त्यात पोचतो तो मोठ्या वळशाने. घरचे कळवतात किंवा कळवत नाहीत. पोलीस पाटलाकडून खबर ठाण्यात जाते. अकस्मात मृत्यूची नोंद होते. कलम १७४ चा, आता नव्या संहितेतल्या १९४ चा, पंचनामा होतो. शव शवविच्छेदनाला येते. चौकशीचा निष्कर्ष निघतो, आणि मग तो राज्याच्या गुन्हे नोंद विभागामार्फत दिल्लीला जातो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर 'अपघात' लिहिण्यात कोणाची ना कोणाची सोय असते. विहिरीत पाय घसरला, स्टोव्हचा भडका उडाला, चुकून औषध पोटात गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कलम ३०९ ची धार बोथट केली आणि २०२४ पासून ते कलमच गेले, पण लोकांच्या मनातली पोलिसांची धास्ती काही राजपत्राबरोबर संपत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की फरक नोंदीतला असला तरी तो निव्वळ नोंदीतला नाही. हे खरे आहे. महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतल्या घरांत जाऊन, नातेवाइकांना विचारून मृत्यूची कारणे ठरवणाऱ्या 'मिलियन डेथ स्टडी'चे निष्कर्ष २०१२ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. पोलिसांच्या कागदांशी त्याचा संबंध नव्हता. तरीही देशाच्या २२ टक्के लोकसंख्येच्या चार दक्षिणी राज्यांत पुरुषांच्या आत्महत्यांपैकी ४२ टक्के आणि स्त्रियांच्या ४० टक्के आढळल्या. दक्षिणेतला दर खरोखरच जास्त आहे. सिक्कीमचेही तसेच. सात लाखांच्या आतली लोकसंख्या म्हणून त्याचा दर योगायोगाचा खेळ ठरवून टाकतात. पण वर्षाला तीनशेच्या आसपास मृत्यू असताना एवढी उंची नुसत्या योगायोगाने येत नाही. मात्र याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट दाखवली. २०१० साठी त्याचा अंदाज १,८७,००० होता आणि पोलिसांची नोंद १,३४,५९९. ही तूट पुरुषांत किमान २५ टक्के, तर स्त्रियांत किमान ३६ टक्के निघाली. तूट सगळीकडे सारखी असती तर एका गुणकाने भागले असते. ती लिंगागणिक बदलते, हे तर मोजूनच दिसले आहे. राज्यागणिक बदलत नसेल असे मानायला काही आधार नाही. म्हणून केरळ आणि बिहार यांच्या दरांचे भागाकार करून त्यातून समाजशास्त्र काढणे सोडून द्यावे.

'मग निदान एकाच राज्याचा वर्षानुवर्षांचा कल तरी पाहू, तिथे चूक कायम असते,' असे म्हटले जाते. ते अधिक शहाणपणाचे आहे, पण पुरेसे नाही. २०१३ मध्ये ११,७७२ शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि २०१४ मध्ये ५,६५०. शेतीत त्या वर्षी काही सुबत्ता आली नव्हती. एनसीआरबीने शेतमजुरांचा रकाना वेगळा केला होता. महाराष्ट्रात तर एकाच मृत्यूची दोन दप्तरे आहेत. पोलिसांचे एक, आणि महसूल खात्याचे दुसरे, ज्यात एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. सातबारा कोणाच्या नावावर आणि कर्ज कोणत्या बँकेचे यावर तो निर्णय फिरतो. अमरावती विभागाच्या आकड्यांवर लेख लिहिणाऱ्यांनी आपण कोणत्या दप्तरातला आकडा घेतला एवढे तरी सांगावे. बहुतेक जण सांगत नाहीत.

'मृत्यू कसा झाला हे आम्ही लिहितो, कोणत्या हेतूने झाला हे पोलीस ठरवतात,' हे आपल्यातल्या अनेकांचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण 'व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव' एवढे लिहून आपण बाजूला होतो, प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन्‌महिने येत नाही, तोवर त्या वर्षाचा तक्ता बंद झालेला असतो, आणि आलेल्या अहवालावरून अंतिम मत पाठवायचे पुष्कळदा राहून जाते. ते पाठवणे तर आपल्या हातात आहे. आणीबाणीच्या वॉर्डात आलेल्या विषबाधेच्या रुग्णाच्या केसपेपरवर 'अज्ञात विष' लिहून थांबण्याऐवजी बाटली मागवून घेऊन रसायनाचे नाव लिहिणेही आपल्याच हातात आहे. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि दहा वर्षांत तिथला दर निम्म्यावर आला. कोणत्या रसायनाने माणसे दगावतात हे तिथल्या रुग्णालयांच्या कागदांत होते म्हणून ते शक्य झाले. आपल्या राष्ट्रीय तक्त्यात 'कीटकनाशक' यापलीकडे काही नाही.

पूर्ण नोंद केली तर आपल्याच जिल्ह्याचा आकडा फुगेल, ही भीतीही आहे आणि ती खोटी नाही. २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ज्या यंत्रणेला घट दाखवायची आहे तीच मोजणीही करते, तेव्हा घट कागदावर होण्याचा मोह उघड आहे. त्यामुळे उद्दिष्ट तपासण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंदवही, शवविच्छेदन केंद्राचे रजिस्टर आणि मृत्युनोंदणी ही तिन्ही वर्षातून एकदा ताडून पाहावीत आणि तफावत जाहीर करावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी राज्य शासनाकडे करायला हवी. नवे कागद त्यासाठी लागत नाहीत. तिन्ही दप्तरे बहुतेक ठिकाणी एकाच तालुक्याच्या गावात असतात.