सासऱ्याने दिलेला विश्वास

इंदूरच्या विमानतळाला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे, विद्यापीठालाही त्यांचंच. आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो, हात जोडतो आणि पुढे जातो. मला मात्र त्यांचं नाव वाचलं की आठवतात त्यांचे सासरे, मल्हारराव.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. तेवढंच केलं असतं तर ती नुसती दया झाली असती. पण त्यांनी तिच्या हाती कारभार दिला. १७६५ मधल्या त्यांच्या पत्रांत तर सुनेला तोफा आणि दारूगोळ्याबद्दल सूचना आहेत!

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. तरी ती बाई उभी राहिली. फौज तुकोजींवर सोपवून महेश्वराहून १७९५ पर्यंत तिने राज्य चालवलं.

आत्मविश्वास ज्याचा त्याने कमवायचा असतो, असं आपण ऐकतो. मला वाटतं, आधी तो कुणीतरी उसना द्यावा लागतो.

आपल्याकडे चवथीचा सगळा रगाडा सून उपसते. जमिनीचे कागद बाहेर निघाले की मात्र तिला ऐकावं लागतं, "तुका कितें कळटा?" पुढे कधी घरावर वेळ येते, ती गोंधळते, आणि आपणच म्हणतो, हिला आत्मविश्वास नाही.

अहो, तो तिला आपण कधी दिला होता?