हातचा कुठे गेला?

१२३४५६७८९८७६५४३२१. परदेशातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ही संख्या अधूनमधून उगवतेच. नऊ एक्क्यांची संख्या (१११११११११) स्वतःनेच गुणली की ती मिळते. खाली ठरलेली ओळ असते: आपल्या ऋषींना हे रहस्य ठाऊक होतं, मुलांना ‘वैदिक गणित’ शिकवा. माझं भांडण त्या ओळीशी आहे.

गुणाकार कागदावर मांडून पाहा. १११ गुणिले १११ म्हणजे एकेक घर सरकवून लिहिलेल्या १११ च्या तीन ओळी. उभ्या बेरजा १, २, ३, २, १, उत्तर १२३२१. नऊ एक्क्यांत मधली बेरीज नऊ होते, तिथवर हातचा येत नाही. आता दहा एक्के घ्या. मधली बेरीज दहा, हातचा एक, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! बाराच्या पायावर मोजलं तर हाच मनोरा अकरा एक्क्यांपर्यंत चढतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत दोन एक्क्यांवरच कोसळतो. तेव्हा हा डौल आपल्या दशमान लिखाणाचा. संख्येचे स्वतःचे गुण वेगळे: ती पूर्ण वर्ग आहे, तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७, आणि तिला ४५ विभाजक आहेत. पाया कुठलाही घ्या, हे बदलत नाही.

फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नसतं. भारती कृष्ण तीर्थांचं ‘वैदिक गणित’ छापलं गेलं १९६५ साली, आणि त्यातली सूत्रं आपल्याला उपलब्ध असलेल्या वेदांत सापडत नाहीत. पूर्वजच हवे असतील तर द. रा. कापरेकर घ्या. देवळालीच्या शाळेतल्या या मास्तरांनी अशाच संख्यांचा अभ्यास केला, एका रेल्वे स्थानकावरून त्यांना ‘डेम्लो’ नाव दिलं. त्यांनी रहस्य सांगितलं नाही, आकडेमोड केली. पण त्यांचं नाव त्या फॉरवर्डमध्ये मी कधी पाहिलेलं नाही.

“मुलांना गोडी लागते, बिघडलं कुठे?” असं कुणी म्हणेल. गोडी कशाची, हा प्रश्न आहे. इथे वाढणारं मूल ही संख्या शाळेत मिरवणार, आणि वर्गातलं कुणीतरी सरळ विचारणार, असं का होतं? त्याच्याकडे उत्तर एकच: आमच्या ऋषींना माहीत होतं. वर्ग हसेल. आपला वारसा म्हणजे पहिल्याच ‘का’ला गप्प बसणारी गोष्ट, हा धडा ते मूल घरी घेऊन येईल. तो त्याला आपण शिकवलेला असेल.

हातचा तर तिसरीतल्या मुलालाही कळतो. पुढच्या वेळी ही संख्या आली की ग्रुपवर एवढंच लिहा: दहा एक्के घेऊन पाहा, आणि आठ कुठे गेला ते मुलांना शोधू द्या.